अलॉयची चकाकी टिकवायची तर आधी वरचा थर ओळखा

बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात कस्टम अलॉय चाकं बसवलेली गाडी आता कुणी वळून बघत नाही. दोन पावसाळे काढूनही ज्याची चाकं नव्यासारखी चमकतात, त्याच्या गाडीपाशी मात्र माणसं थांबतात. आपल्याकडं चाकांचे हाल चारी बाजूंनी होतात. जांबोटी-कणकुंबीचा तांबडा चिखल, चोर्ला घाट उतरून गोव्याला जाऊन आलेल्या गाडीवरची खारी ओल, गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागची धूळ आणि गोकाक-अथणीकडं गेलं की बोअरचं जड पाणी. वर ब्रेकची काळी भुकटी आहेच. एवढं सगळं सोसूनही चाक बऱ्यापैकी टिकतं. माझ्या पाहण्यातली बरीच चाकं रस्त्यानं बिघडलेली नाहीत, हौसेनं चोळलेल्या चुकीच्या पॉलिशनं आणि वॉशिंग सेंटरच्या ॲसिडनं बिघडली आहेत.

म्हणून पॉलिशची ट्यूब उघडण्याआधी एक प्रश्न सोडवायचा: तुमच्या चाकाचा सगळ्यात वरचा थर कशाचा आहे?

थर कसा ओळखायचा

बाजारात मिळणारी बहुतेक अलॉय ॲल्युमिनियमची असली, तरी तुमचा हात ॲल्युमिनियमला लागतोच असं नाही. साध्या अलॉयवर प्रायमर, रंग आणि त्यावर पारदर्शक लॅकर असतं. डायमंड कट चाकाचा चेहरा, म्हणजे बाहेरून दिसणारी बाजू, लेथवर कापलेला असतो. त्यावर बारीक गोल रेघा दिसतात आणि त्यांच्यावरही लॅकर असतंच. काहींवर पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेला भुकटीचा रंग), काहींवर क्रोम, काहींवर ॲनोडायझिंग (विजेच्या प्रक्रियेनं धातूवरच वाढवलेला कडक थर). अगदी उघडा, आरशासारखा घासलेला धातू थोड्याच चाकांवर असतो, बहुधा जुन्या किंवा मुद्दाम बफिंग (फिरत्या कापडी चाकानं घासून चकाकी आणणं) करून घेतलेल्या.

ओळखायची सोपी युक्ती अशी. चाकाच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, नखाएवढं मेटल पॉलिश पांढऱ्या सुती कापडानं चोळा. कापड काळं झालं तर धातू उघडा आहे. पांढरंच राहिलं तर वर लॅकर किंवा क्रोम आहे. चाकाचा रंग कापडावर उतरला तर वर लॅकर नाही, नुसता रंग आहे. ही चाचणी चेहऱ्याच्या पुढच्या बाजूला करू नका, आणि दोन-तीन घासण्यांवर थांबा.

गोंधळ होतो तो ॲनोडायझिंगपाशी, कारण तोही धातूच दिसतो आणि जोरात चोळला तर कापड मळवतोही. तिथं मल्टिमीटर कामाला येतो. कंटिन्युइटीवर (वीज आरपार जाते का ते दाखवणाऱ्या खुणेवर) ठेवून दोन्ही टोकं मागच्या बाजूला हलकेच टेकवा. उघडं ॲल्युमिनियम आणि क्रोम वीज वाहू देतात. लॅकर, पावडर कोट आणि ॲनोडायझिंग अडवतात. क्रोम त्याच्या किंचित निळसर, थंड प्रतिबिंबावरून कळतं. उघड्या ॲल्युमिनियमची झाक पांढरी, जराशी उबदार असते.

एवढं कळलं की निम्मं काम झालं. लॅकर असेल तर ते गाडीच्या बॉडीसारखं सांभाळायचं आणि मेटल पॉलिश त्याच्या जवळही न्यायचं नाही. धातू उघडा असेल तरच खरं पॉलिशिंग.

धुणं, आणि ॲसिडला नाही म्हणणं

"अण्णा, ॲसिड मारू काय? एकदम नवं दिसतंय बघा." कुठल्याही वॉशिंग सेंटरवर हे ऐकू येतं. उत्तर एकच: "नको रे, नुसता शाम्पू मार." त्या पोराचा दोष नाही. ॲसिडनं काळं झटक्यात निघतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण ॲल्युमिनियम हा आम्ल आणि अल्कली दोन्हींना बळी पडणारा धातू आहे. साधारण ४ ते ८.५ पीएचच्या पट्ट्यात त्याचा संरक्षक थर टिकतो. त्याच्या खाली किंवा वर गेलात की धातू खाल्ला जातो आणि पांढुरके डाग राहतात. कॉस्टिक सोडा तर ॲल्युमिनियमला फेस आणून खातो. तो फेस हायड्रोजनचा असतो. काही स्वस्त व्हील क्लीनरमध्ये फ्लोराइडयुक्त आम्लं असतात. ती चाकापेक्षा माणसाला जास्त घातक आहेत, कातडीतून आत उतरतात. बाटलीवर काय आहे ते लिहिलेलं नसेल तर ती बाटली घेऊ नये.

धुण्याआधी चाक गार हवं. घाटातून ब्रेक दाबत आलेल्या गाडीच्या चाकावर लगेच पाणी मारलं, तर शाम्पू वाळून डाग पडतात आणि तापलेल्या डिस्कलाही ते बरं नाही. गाडी सावलीत लावा. आधी नुसत्या पाण्यानं चिखल उतरवा. तांबड्या मातीत वाळूचे कण असतात. ती कोरडी पुसणं म्हणजे स्वतःच्या हातानं ओरखडे काढणं. मग न्यूट्रल पीएचच्या कार शाम्पूनं, मऊ ब्रशनं स्पोकच्या मागून पुढं या. चाकांची बादली आणि कापडं वेगळी ठेवा, बॉडीला वापरू नका.

शाम्पूनंतरही तपकिरी ठिपके राहिले तर ती ब्रेकची भुकटी आहे. पॅडचे आणि बिडाच्या डिस्कचे तापलेले लोखंडी कण लॅकरमध्ये रुततात आणि तिथंच गंजतात. त्याला आयर्न रिमूव्हर मिळतो. फवारला की लोखंडाशी संयोग होऊन जांभळे ओघळ येतात. वास कुजक्या अंड्यासारखा, त्यामुळं हे काम उघड्यावरच. दोन-चार मिनिटं ठेवा, वाळू देऊ नका, भरपूर पाण्यानं धुवा. डांबराचे थेंब रॉकेलच्या बोळ्यानं निघतात, पण लगेच शाम्पूनं धुवायला हवं. शेवटी बोट फिरवून खरखर लागत असेल तर ओल्या डिटेलिंग क्लेनं (रुतलेला मळ ओढून घेणाऱ्या मऊ गोळ्यानं) ती काढा.

जड पाण्याचा इलाका असेल तर चाक आपोआप वाळू देऊ नका. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम उन्हात पांढरे ठिपके सोडून जातं. शेवटची बादली नळाच्या पाण्याची किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याची घ्या, आणि नटांच्या खोबणीतलं पाणी ब्लोअरनं उडवा. तिथून ओघळलेला एक थेंब तासाभरानं चेहऱ्यावर रेघ काढतो.

लॅकर, क्रोम, मॅट: इथं हात आखडता

लॅकरवाल्या चाकाला लागतं ते बॉडीचं बारीक फिनिशिंग पॉलिश. हातानं किंवा छोट्या फोम पॅडनं, हलक्या दाबानं. लॅकर कागदापेक्षाही पातळ असतं, आणि डायमंड कटच्या कडांवर आणखी पातळ. कडा घासल्या की पहिल्यांदा तिथूनच पाणी शिरतं आणि लॅकरखाली पांढऱ्या किड्यांसारख्या रेघा पसरायला लागतात. त्या एकदा सुरू झाल्या की वरून कितीही पॉलिश करा, जात नाहीत. लॅकर काढून, चेहरा पुन्हा लेथवर घेऊन नवं लॅकर मारावं लागतं. दर खेपेला धातू कमी होतो, त्यामुळं हे काम एका चाकाला दोन-तीनदाच परवडतं.

क्रोमला सॅंडपेपर कधीच नाही. त्याचा वरचा थर मायक्रॉनच्याही अंशात मोजायचा असतो. शाम्पू, मऊ कापड, क्रोमसाठीचं सौम्य पॉलिश आणि सीलंट (वरून लावायचा संरक्षक लेप), बस. फोड येऊन पापुद्रे सुटत असतील तर ते पुन्हा प्लेटिंगवाल्याचंच काम. मॅट काळ्या चाकांना पॉलिश आणि मेण दोन्ही नको. घासलेल्या जागी चकचकीत टक्कल पडतं. त्यांच्यासाठी मॅट फिनिशचं सीलंट वेगळं मिळतं.

उघडा धातू: खरी मेहनत

एक गंमत सांगतो. बेळगावजवळ यमनापूरला हिंडाल्कोचा ॲल्युमिनाचा कारखाना आहे. ॲल्युमिना म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. तुमच्या मेटल पॉलिशमधला घासणारा कण बहुतेक वेळा हाच असतो. आणि उघड्या ॲल्युमिनियमवर हवा लागताक्षणी जो काही नॅनोमीटरचा संरक्षक थर आपोआप तयार होतो, तोही ह्याच पदार्थाचा. म्हणजे आपण ऑक्साइडनं ऑक्साइड काढतो आणि तो लगेच पुन्हा येतो. नवा थर पातळ आणि पारदर्शक असतो तोवर चमक दिसते. ओल, मीठ, आम्ल यांनी तो जाड आणि खडबडीत झाला की चाक पांढुरकं, मेलेलं दिसतं. सील करायचं ते ह्याचसाठी.

आधी चाक काढा. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, उरलेल्या चाकांना दगड किंवा ठोकळे, नट जमिनीवरच सैल करून मग जॅक, आणि जॅकच्या जोडीला स्टँड. गाडीला लावलेल्या चाकावर बफ फिरवू नका. पॉलिशचा तेलकट अंश डिस्कवर गेला तर ब्रेक धरत नाही. चाकाची आतली बाजू नीट बघा. आपल्या खड्ड्यांत रिमला तडा जाणं काही नवीन नाही. बारीकसा तडा जरी दिसला तरी तिथंच थांबा, त्या चाकाला पॉलिश नाही. वेल्डिंग करून देणारे भेटतील, पण चाकं सहसा उष्णतेवर प्रक्रिया करून मजबूत केलेली असतात; वेल्डिंगच्या किंवा गॅसच्या ज्योतीनं ती ताकद तिथल्या तिथं उतरते.

जुनं लॅकर काढायचं असेल तर ॲल्युमिनियमला चालणारा जेल पेंट रिमूव्हर घ्या. हातमोजे, चष्मा, मोकळी हवा. जेल लावा, फुगलं की प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडा, पाण्यानं धुवा. टायर बसलेला असेल तर रबराला टेप लावून झाका. वॉशिंग सेंटरचं कॉस्टिक इथंही नकोच.

आता वॉटर पेपर. नख अडकेल असे ओरखडे असतील तर ४०० नंबरनं सुरुवात, नाहीतर थेट ८०० नं. पुढं ६००, ८००, १०००, १५००, २००० असं चढत जा. बादलीत पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. प्रत्येक नंबरला दिशा बदला: ४०० आडवा फिरवलात तर ६०० उभा. आधीच्या नंबरची एकही रेघ शिल्लक नाही हे दिसलं की मगच पुढचा कागद. मधे चाक आणि बादली धुऊन घ्या, कारण ४०० चा एक कण १५०० च्या कागदाखाली आला तर सगळं मागं जातं. घाई करणारे लोक ८०० वरून थेट पॉलिशवर उडी मारतात. मग चमक येते, पण उन्हात उभं राहिलं की त्या चमकेखाली रेघांचं जाळं दिसतं. हातानं करत असाल तर एका चाकाला एक रविवार गेला असं समजा.

नंतर बफ. ड्रिलवर बसणारे कापडी गोळे आणि शंकू स्पोकच्या खोबणीत छान जातात. फेरे मिनिटाला दीड ते अडीच हजार पुरे. साधा अँगल ग्राइंडर अकरा हजारांच्या आसपास फिरतो. त्यावर कापडी बफ लावला तर कापड फाटून उडतं आणि धातू जळतो, म्हणून तो नको. आधी तपकिरी ट्रिपोली साबण (धुण्याचा नव्हे, बफला लावायची पॉलिशची वडी), मग वेगळ्या बफवर पांढरा. साबण जरासाच लावायचा. जास्त झाला की काळ्या गुठळ्या चिकटतात. धातू हात टेकवता येणार नाही इतका तापू लागला की थांबा. बफ कडेवर उलटा आदळला तर ड्रिल हातातून सुटतं, म्हणून कडेवरून बाहेरच्या दिशेनं चालवा. सैल बाह्या, उपरणं, सुती हातमोजे फिरत्या बफपाशी नकोत. मास्क लावा. आणि कोरड्या बफिंगची ॲल्युमिनियमची भुकटी, लोखंड ग्राइंड करता त्या टेबलावर साठू देऊ नका: बारीक ॲल्युमिनियम, लोखंडाचा गंज आणि वर ठिणगी, हे मिश्रण भयंकर तापून जळतं.

शेवटी हातानं मेटल पॉलिश. ऑटोसोलसारखी पेस्ट इथं सहज मिळते. वाटाण्याएवढी घ्या, तळहाताएवढ्या भागावर चोळा, कापड काळंकुट्ट होईल. कितीही वेळ चोळलं तरी ते काळंच होत राहणार, कारण तो मळ नसून धातूचा अंश आहे. त्यामुळं 'कापड स्वच्छ निघेपर्यंत' चोळत बसू नका. चेहरा स्वच्छ दिसला की थांबा आणि ताज्या मायक्रोफायबरनं पुसा.

हे सगळं नको असेल तर उद्यमबाग किंवा मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत बफिंगची कामं करणाऱ्यांकडं चौकशी करा. देताना तीन गोष्टी सांगून ठेवा: नट बसतात ती बैठक आणि हबला (गाडीचा ज्या भागावर चाक बसतं त्याला) टेकणारी मागची बाजू घासायची नाही, क्रोम किंवा स्टीलवर चाललेला बफ ह्या चाकावर वापरायचा नाही, आणि बफनंतर वरून लॅकर मारायचं नाही.

सील कशानं करायचं

लॅकर नको म्हणालो त्याचं कारण असं. आरशासारख्या गुळगुळीत धातूला लॅकर नीट धरत नाही. त्यावर चोर्ल्याच्या रस्त्यावरची एक खडी उडाली की बारीक छिद्र पडतं, ओल आत जाते, आणि पुढच्या दिवाळीला ते पापुद्र्यांनी सुटतं. कोरड्या प्रदेशात हा व्यवहार जमत असेल, खानापूरच्या पावसात मला पटत नाही.

मेणाची चमक देखणी, यात वाद नाही. कार्नोबा मेण साधारण ८२ ते ८६ अंशांना वितळतं, आणि घाटात तापलेल्या ब्रेकशेजारी ते फार दिवस राहत नाही. महिनाभरानं पुन्हा लावायची तयारी असेल तर खुशाल लावा. उघड्या धातूसाठी मला पटतं ते सिंथेटिक पॉलिमर सीलंट: दोन थर, मधे बाटलीवर सांगितलेला वेळ, आणि काही महिन्यांनी पुन्हा. लॅकर किंवा पावडर कोट असलेल्या चाकांवर मात्र सिरॅमिक कोटिंगचा पैसा वसूल होतो. चिखल आणि ब्रेकची भुकटी त्याला चिकटून बसत नाही, शाम्पूनं निघून जाते. उघड्या धातूवर सिरॅमिक लावायचंच असेल तर आधी आतल्या बाजूला बोटभर जागेवर लावून बघा. काही कोटिंगमुळं आरशाची धार किंचित मंदावते.

कुठलंही सील लावा, आधीची एक पायरी सोडू नका. पॉलिशमध्ये तेल असतं आणि तेलावर सीलंट धरत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शुद्ध पाणी निम्मं-निम्मं घेऊन दोनदा पुसा, दर वेळी कोरं कापड. त्यानंतर उघड्या बोटांचा स्पर्शही नको. उघडा धातू असेल तर पॉलिश ज्या दिवशी त्याच दिवशी सील. रात्रभर पावसाळी हवेत ठेवलेलं चाक सकाळी किंचित मंद झालेलं असतं.

सिरॅमिक लावताना कापडी ठोकळ्यावर काही थेंब, आडवा-उभा हात, आणि इंद्रधनुषी झाक दिसली की लगेच पुसायचं. दमट हवेत ते भरभर वाळतं आणि डाग राहतात. त्यामुळं जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढू नका. लावल्यावर निदान पहिला दिवस पाण्यापासून दूर, आणि पहिला आठवडा शाम्पू नाही. आतला पिंप, म्हणजे रिमची आतली गोल बाजू, सोडू नका. भुकटी सगळ्यात जास्त तिथंच साठते, आणि दिसत नाही म्हणून कुणी धूतही नाही. नटांच्या बैठकीवर आणि हबच्या बाजूवर मात्र काहीही लावायचं नाही. तिथं जाड थर राहिला तर चालत्या गाडीत तो दबतो आणि नट सैल पडतात.

परत बसवताना

हबच्या मधल्या गोलावरचा गंज ब्रशनं काढा. स्टीलच्या हबला ॲल्युमिनियमचं चाक ओलीत चिकटून बसतं, म्हणून तिथं अँटी-सीझचा (धातू धातूला चिकटू न देणाऱ्या लेपाचा) अगदी पातळ हात फिरवा. स्टडवर, म्हणजे नट फिरतात त्या आट्यांच्या दांड्यांवर, लावू नका. नट हातानं बसवून मग आलटून-पालटून, समोरासमोरचे आवळा. शेवटचा आवळ टॉर्क रेंचनं, मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणं. छोट्या गाड्यांना तो बहुधा १०० न्यूटन मीटरच्या आगेमागे असतो. बेळगावहून संकेश्वरला जाऊन परत आलात की पुन्हा एकदा तपासा. बॅलन्सिंगची वजनं घासताना पडली असतील तर ताशी ८० वर स्टिअरिंग थरथरेल, तेव्हा बॅलन्सिंग करून घ्या.

वर्षाचं गणित

सीलचे दोन मुहूर्त पुरतात: मे अखेर, पहिल्या वळवानंतरच्या कोरड्या दिवशी, आणि दसऱ्याच्या आधी. मधे पंधरा दिवसांनी नुसतं शाम्पूनं धुणं. गोव्याहून परत आलात तर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं चाकं आतून-बाहेरून धुवा, चिखल असो वा नसो; मीठ डोळ्यांना दिसत नाही. पाणी अंगावर गोल थेंबांनी घरंगळायचं थांबलं आणि पसरायला लागलं की सील संपलं. टायर ब्लॅक स्पंजनं लावा. फवारलं की ते रिमवर उडतं आणि त्याला धूळ चिकटते.

खंडेनवमी-दसऱ्याला गाडीची पूजा झाली की चाकाखाली लिंबू ठेवून गाडी पुढं घेतात. तो रस उघड्या ॲल्युमिनियमवर उडाला आणि रात्रभर राहिला तर मंद डाग पडतो. नारळाचं पाणी चिकट, त्यावर धूळ बसते. कुंकू मॅट चाकाच्या खरखरीत पृष्ठभागात शिरलं की तांबूस छटा राहून जाते. म्हणून हळद-कुंकू बॉनेटवर किंवा टायरच्या रबरावर लावा, झेंडूच्या माळेची तार रिमला घासणार नाही अशी बांधा, आणि आरती झाल्यावर, गाडी देवळाकडं काढायच्या आधी, चारी चाकांवर तांब्याभर साधं पाणी सोडून मऊ कापडानं पुसून घ्या.